मांजरांचे सख्य

भक्तीच्या निरूपणात दोन न्याय वारंवार सांगण्यात येतात. एक मर्कटन्याय, दुसरा मार्जारन्याय. माकडिणीचे पिलू आपल्या बळावर आईच्या पोटाला बिलगून असते. पकड सुटली की ते पडलेच. मांजरीच्या पिलाला असले काही करावे लागत नाही. आई येते, मानगुटीला धरते आणि न्यायचे तिथे नेऊन ठेवते. पिलू अंग सैल सोडून लोंबकळत राहते, इतकेच त्याचे कर्तृत्व. दक्षिणेकडील श्रीवैष्णवांत या दोन दृष्टांतांवरून दोन पक्ष ओळखले जातात, आणि आपल्याकडेही शरणागतीचा विषय निघाला की हे मांजरीचे पिलू हटकून दृष्टांतास येते.

परंतु मंडळी, हा दृष्टांत सांगताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो. ज्या मांजरीने पिलास उचलले ती त्याची जन्मदातीच असेल, असे आपल्या मनात पक्के असते. तर ते नेहमी तसेच असते असे नाही बरं का!

१९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातील डेव्हन परगण्यात शेतावरच्या मांजरांवर डेव्हिड मॅकडोनाल्ड आणि पीटर ॲप्स या दोघा प्राणिशास्त्रज्ञांनी पाळत ठेवली. पाळत म्हणजे खरोखरीची पाळत. कोण कोणाजवळ बसले, कोणी कोणाला चाटले, कोण कोणावर गुरगुरले, याची टिपणे. त्यांना असे दिसले की माद्या आपापली पिले एकाच जागी आणून ठेवतात, आणि मग त्यांच्यात माझे-तुझे उरत नाही. जी आडवी झाली असेल तिला सगळी पिले लुचतात. एक बाहेर गेली तर दुसरी राखण करते. आपल्या पोटचे कोणते आणि जावेचे कोणते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. (जावा हा शब्द आम्ही उगीच वापरला, या माद्या बहुधा मायलेकी किंवा बहिणी असतात.) शेतावरची ही गोष्ट झाली. घरात तर नात्याचीही अट राहत नाही. नुकती व्यालेली मांजर असली आणि तिच्या कुशीत कोठूनतरी आणलेले त्याच वयाचे पोरके पिलू अलगद सोडले, तर ती ते चाटते आणि पाजते, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे सांगणे गोडगोड होईल. याच शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८७ साली जे लिहिले त्यात परक्या बोक्याने पिले मारल्याचेही आले आहे. चार माद्या एकत्र असल्या म्हणजे अशा बोक्यास हुसकावणे सोपे जाते. एकटीस ते कठीण. म्हणजे या मातृत्वाच्या पाठीशी भयही उभे आहे. असेना का! भयाने जवळ आलेली माणसेसुद्धा पुढे मायेने राहतातच की.

आता कोणी म्हणेल, महाराज, मांजर म्हणजे एकलकोंडे जनावर, त्यास कसले आले आहे सख्य? लोण्याच्या गोळ्यावरून दोन मांजरे भांडली आणि माकडाने तराजू धरून सगळे लोणी मटकावले, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली. मांजर म्हटले की भांडण, हे तेव्हापासून डोक्यात बसले आहे.

त्या समजुतीत तथ्य नाही असे नाही. आपल्या घरच्या मांजराचा मूळ पुरुष म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर, आणि तो खरोखर एकांडा. उंदीर हे एका तोंडाचे भक्ष्य. त्यास मारायला दुसरा लागत नाही आणि मारल्यावर दुसऱ्यास द्यायला काही उरतही नाही. मांजरकुळात सिंहाचा कळप सोडला तर बहुतेक सारे एकएकटेच हिंडणारे. मग माणसाने शेती केली, धान्य साठवले, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे मांजरे आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले एक मांजर उत्खननात मिळाले, त्याची हकीकत २००४ साली प्रसिद्ध झाली. माणसाच्या वस्तीजवळ खाणे एके ठिकाणी आणि भरपूर मिळू लागले, आणि एकांड्यांना एकमेकांची तोंडे पाहत राहणे भाग पडले. या मांजरांचे एकमेकांशी सख्य जमण्याचा आरंभ तेथे.

जपानात फुकुओकाजवळ आइनोशिमा नावाचे कोळ्यांचे लहानसे बेट आहे. तेथील बेवारशी मांजरांविषयी इझावा, दोई आणि ओनो यांनी १९८२ साली लिहिले. मासळीचा कचरा जेथे जेथे टाकला जाई त्या त्या उकिरड्याची मांजरांची एकेक मंडळी ठरलेली. एका उकिरड्यावर सगळी शेजारी शेजारी खातात. दुसऱ्या उकिरड्यावरचा सहसा इकडे येत नाही. आमच्या मते ती लोण्याची गोष्ट येथे नीट कळते. भांडण मांजरांच्या रक्तात होते की गोळा एकच होता म्हणून झाले? दोन गोळे असते तर माकडास कोणी विचारले असते?

परंतु पोट भरले म्हणजे मैत्री होतेच असेही नाही. नाहीतर प्रत्येक खाणावळीत संतमेळा भरता! भरल्या पोटी मांजर फार तर दुसऱ्यास सोसते. सोसणे वेगळे आणि सख्य वेगळे. सख्य कसे ओळखावे? त्याच्या खुणा आहेत. दुरून येणारे मांजर शेपटी ताठ उभी करून येते, टोकाला किंचित बाक असतो. साउदॅम्प्टन विद्यापीठात १९९० च्या दशकात शार्लट कॅमेरॉन-बोमाँट यांनी मांजराची कापलेली काळी आकृती लावून पाहिली. आकृतीची शेपटी वर असली की खरे मांजर आपलीही शेपटी वर करून जवळ येई. खाली असली की बिचकत असे. पुढे २००९ साली रोममधील मोकाट मांजरांवरील अभ्यासात दिसले की शेपटी आधी वर करतो तो बहुधा खालच्या मानाचा, वरच्या मानाच्यास पाहून. वारीत दोन वारकरी भेटले म्हणजे वडीलही धाकट्याच्या पायांस हात लावतो. तेवढी मजल मांजरांनी गाठलेली नाही. पण नमस्काराचा परिपाठ आहे, आणि तो केल्यावाचून जवळ जायचे नाही ही शिस्तही आहे.

नमस्कार झाला की कपाळाला कपाळ, गालाला गाल, कुशीला कूस घासतात. हा नुसता लाड नव्हे. मांजराच्या गालांपाशी गंधाच्या ग्रंथी असतात. घासता घासता याचा गंध त्यास आणि त्याचा यास लागतो, आणि सगळ्या घोळक्याचा मिळून एकच वास होतो. मांजराचे नावरूप म्हणजे हा वास. म्हणून एक चमत्कार पुष्कळ घरी पाहायला मिळतो. दोन मांजरे वर्षानुवर्षे एका टोपलीत झोपणारी. त्यांतले एक जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले की दुसरे त्याच्यावर फिस्कारते. घरच्यांना वाटते, केवढे हे कृतघ्न! अहो, त्याच्या लेखी हे कोणी तिऱ्हाईतच आले आहे. रूप तेच, पण ओळख दवाखान्यातल्या औषधाच्या वासाखाली बुजली. एकदोन दिवस निराळे ठेवले, घरच्या फडक्याने पुसले, की ओळख परत येते. आपण माणसे नाही का कपड्यावरून ओळख विसरत?

चाटण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. एक मांजर दुसऱ्याचे डोके, मान, कान चाटते, आणि दुसरे डोळे मिटून मान पुढे करते, हे पाहून आपल्याला गहिवर येतो. हॉलंडमधील रूड व्हॅन डेन बॉस यांनी १९९८ साली एकत्र कोंडलेल्या मांजरांच्या चाटण्याचे निरीक्षण मांडले. त्यात चाटणारे बहुधा वरच्या मानाचे निघाले, आणि चाटून झाल्यावर पुष्कळदा तेच गुरकावते, पंजाही मारते! त्यांचे म्हणणे असे की एकत्र राहताना आत साठलेला राग या वाटेने निघून जात असावा. आम्हांस हे वाचून मैत्रीची किंमत कमी झाली असे वाटले नाही, उलट वाढली. राग असूनही जिभेने चाटायचे, दाताने चावायचे नाही, हे एका मांसाहारी जनावराने साधले आहे. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बायामाणसांना याचा अर्थ आम्ही सांगायला नको.

मग हे सख्य कोणाचे कोणाशी जमते? अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात शॅरन क्रॉवेल-डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शोधले आणि २००३ साली प्रसिद्ध केले. त्यांना दोन गोष्टी आढळल्या. एक नाते, आणि दुसरी एकत्र काढलेला काळ. नाते तर आपल्या हातचे नाही. सहवास हातचा आहे. आणि सहवासाची सुरुवात लहानपणी झाली तर काय होते याची साक्ष फार जुनी आहे. झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञांनी १९३० साली मांजराची पिले उंदरांबरोबर वाढवली. प्रयोगाची रीत आम्हांस रुचत नाही, पण जे दिसले ते विचार करायला लावते. आई उंदीर मारताना पाहत वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ पिले उंदीर मारणारी निघाली. उंदरांच्या संगतीत वाढलेल्या १८ पिलांपैकी केवळ ३ तशी निघाली, आणि त्यांनीही ज्या जातीच्या उंदराबरोबर ती वाढली त्यास धक्का लावला नाही. मांजराचा जन्मस्वभाव म्हणून आपण ज्यास म्हणतो, त्यात संगतीचा वाटा किती आहे पाहा!

मोठेपणी मात्र संगतीला वेळ लागतो, आणि आपण तो देत नाही. आमचा खरा कळवळा येथे आहे. घरात एक जुनी मांजर असते. पावसात भिजलेले दुसरे वळचणीला येते, मुले ते उचलून आत आणतात आणि थेट जुनीच्या पुढ्यात ठेवतात. ती फुगते, फिस्कारते, झडप घालते. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, यांचे जमायचे नाही. मग गोणपाटाच्या पोत्यात घालून नव्याला, नाहीतर जुनीलाच, नदीपलीकडे नाहीतर बाजाराच्या गावी सोडून येतात. पाप लागू नये म्हणून मारीत नाहीत, एवढेच. परक्या मुलखात दुसऱ्यांच्या उकिरड्यावर त्या जिवाचे काय होते, ते वर आइनोशिमाच्या मांजरांवरून समजून घ्यावे.

दोन दिवसांत कोणाचे जमले आहे? नव्यास आधी निराळ्या खोलीत ठेवावे. याच्या अंगाखालचे फडके त्याच्यापाशी आणि त्याचे याच्यापाशी टाकावे. बंद दाराच्या दोन अंगांस दोघांची ताटली ठेवावी, म्हणजे दुसऱ्याचा वास आला की जेवण येते अशी गाठ मनात बसते. मग दार बोटभर उघडावे. ताटल्या दोन, पाण्याची भांडी दोन, मातीच्या पाट्या दोन, शिवाय वर चढून बसायला माळा किंवा फळी असावी. याला कधी आठवडे लागतात, कधी महिने. भांडून झाल्यावर समेट करण्याची रीत मांजरांत विशेष दिसत नाही. दूर होणे हाच त्यांचा समेट. म्हणून दूर व्हायला जागा पाहिजे. नसबंदी केलेले बोके, जे एरवी एकमेकांचे कान फाडते, ते पुढे एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकून निजलेले आढळतात. आणि काही मांजरे जन्मभर नुसती सोसतात, जवळ येत नाहीत. त्यांच्यावर रागावू नये.

दूर बसण्यातही संगत असते, हे पॉल लायहाउझेन या जर्मन अभ्यासकाने १९६५ साली छान सांगितले आहे. त्याने पाहिलेल्या मांजरांची हद्द ठरलेली, वाटा ठरलेल्या. एकाच वाटेने जायचे तर वेळ वाटून घेतलेली. पण रात्री कोणाच्याच मालकीची नाही अशा एका जागी ती जमत. एकमेकांपासून थोड्या अंतराने बसत. शिकार नाही, माजावर येणे नाही, भांडण क्वचित. कोणी जवळच्यास चाटे, कोणी नुसते बसे. मध्यरात्रीच्या सुमारास उठून जो तो आपल्या घरी. ती कशासाठी जमत याचे पक्के कारण त्यास सापडले नाही. एकादशीच्या रात्री देवळाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसणारे, टाळ न वाजवणारे, कोणाशी न बोलणारे, आणि तरीही न चुकता येणारे जे एकदोन म्हातारे प्रत्येक गावी असतात, त्यांना मात्र ते विचारावे.

आणि जमलेले सख्य तुटते तेव्हा? २०२४ साली अमेरिकेतील ओकलंड विद्यापीठातील दोघा संशोधकांनी मांजरे पाळणाऱ्यांना विचारले की घरातले दुसरे जनावर मेल्यावर मांजराचे वागणे कसे बदलले. खाणे, झोपणे, खेळणे कमी झाल्याचे पुष्कळांनी सांगितले. जितकी वर्षे बरोबर काढलेली आणि जितके पटत होते, तितके अधिक. सांगणारी माणसे स्वतःच शोकात होती, तेव्हा आपलेच दुःख त्यांनी मांजरात पाहिले असेल, अशी शंका संशोधकांनीही घेतली आहे. ती रास्त आहे. पण दाराशी जाऊन हाका मारणारी, रिकामी टोपली हुंगून परत येणारी मांजर ज्यांनी पाहिली आहे ते या शंकेवर फार वेळ थांबणार नाहीत.

म्हणून घर बदलताना, परगावी बदली झाली असता, किंवा घरात आजारपण आले म्हणून मांजरे दुसऱ्यास देण्याची पाळी आली, तर आधी रात्री ती कशी झोपतात ते पाहावे. अंगाला अंग लावून झोपत असतील तर दोघांना एकाच घरी द्यावे, एक इकडे आणि एक तिकडे करू नये. आणि टोपलीत खाली अंथरलेले जुने फडके तसेच बरोबर पाठवावे, न धुता.