हरीण कोणाचे?

गाय कोणाची, असे विचारले तर दाव्याकडे बोट दाखवता येते. जमीन कोणाची, हे सातबाराचा उतारा सांगतो. हरणाला दावे नाही आणि उताऱ्यावर त्याची नोंदही नाही. सकाळी ते एकाच्या पडीक रानात दिसते, रात्री दुसऱ्याच्या ज्वारीत. मग ते कोणाचे म्हणायचे?

जुन्या रोमन कायद्याचे उत्तर सोपे होते : रानचे जनावर कोणाचेच नाही, जो धरील त्याचे. आपल्याकडे संस्थानी अमलात शिकार हा राजेलोकांचा मान होता. कोल्हापूर दरबारी तर काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळलेले असत. आमचे फलटण संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद केली. आता कोणी चिंकारा मारला, तर ते मेलेले हरीणही सरकारची मालमत्ता ठरते.

अमेरिकेत शिकारीला परवाना मिळतो. हरीण जनतेचे, असे तिकडेही मानतात. पण परवाना घेऊन निघालेला माणूस हजारो एकरांच्या खासगी कुरणापाशी आला की फाटक बंद! आणि एल्क, म्हणजे आपल्या सांबराहून थोराड असे हरीण, नेमके आत चरत असते. मोंटाना राज्याने १९८५ पासून ह्यावर तोड काढली. जो मालक लोकांना शिकारीसाठी आत येऊ देईल, त्याला सरकार मोबदला देते. मला शिकारीचे कौतुक नाही. परंतु हरीण सर्वांचे असले तरी ते खाते ते गवत कोणा एकाचे असते, एवढे ह्या व्यवहारात कबूल केलेले आहे.

आपण ते कबूल केले आहे काय? फलटण हे महानुभावांचे मोठे तीर्थ. लीळाचरित्रात पारधी पाठीस लागलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो. रानचे गवत खाऊन आणि ओहोळाचे पाणी पिऊन राहणाऱ्या जिवाने तुमचा काय अपराध केला, असे स्वामी त्या पारध्यांना विचारतात. ही गोष्ट मी वर्गात सांगितली, तेव्हा माळावरच्या वस्तीतला एक मुलगा उठून म्हणाला, "पण गुरुजी, आमच्याकडची हरणं ज्वारी खात्यात की!" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. पोराने मुद्द्यालाच हात घातला होता. जनावराचे निरपराधीपण रानच्या गवतावर उभे असते. आपण गवत नांगरून टाकले आणि मग जनावराला चोर ठरवले. नीरा उजव्या कालव्याने आमच्या तालुक्यात ऊस आणला, ते चांगलेच झाले. पण हरणांना राहिले काय? नदीपलीकडे सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे; त्याचा विस्तार अवघा ५.१५ चौरस किलोमीटर. त्याची हद्द नकाशात असते, हरणाला ती ठाऊक नसते.

शेतकऱ्यासारखाच दुसरा माणूस फासेपारधी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला. वीस वर्षांनी दुसरा आला आणि फास लावून पोट भरणे हाच गुन्हा झाला. हरीण वाचवले हे योग्यच. पण हातातला फास काढून घेताना त्या हातात दुसरे काय दिले?

शहरातला माणूस हरीण पाहून सुखावतो, आणि त्याची किंमत कोरडवाहू शेतकरी नि पारधी भरतात. पिकाच्या नुकसानभरपाईची तरतूद आहे, नाही असे नाही. पण अर्ज, पंचनामा आणि कचेरीचे हेलपाटे ह्यांत गरिबाची मजुरी बुडते. हरीण सर्वांचे, हे वाक्य खरे व्हायचे तर त्याचा चाराही सर्वांनी पुरवला पाहिजे : गायराने गवतासाठी राखून, भरपाई वेळेवर देऊन, आणि हरणाचा माग ज्याला सर्वांत चांगला कळतो त्या पारध्याला पगार देऊन रानाचा राखणदार नेमून. तोवर ज्याची ज्वारी रात्रीत फस्त झाली त्याला भूतदया शिकवायला जाण्याचा अधिकार आपल्याला नाही.