गायकाचें गांव

आमच्या काळेवाडींत नवा माणूस भेटला कीं, "मूळचे कुठले?" असें प्रथम विचारण्याचा प्रघात आहे. पवनेपलीकडे पिंपरीस फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले. पुढें कारखाने आले आणि दूरदूरचीं माणसें त्यांच्यामागून आलीं. म्हणून एक प्रश्न आमच्या मनांत घोळतो: जन्मभूमि सोडणाऱ्यावर तिचें ऋण किती?

गायकाच्या बाबतींत हा प्रश्न अधिक बोचतो. कारण त्याच्या गळ्यांत श्रोते मातीचा वास शोधतात. क्यूबांतील ओल्गा गियोत ही बोलेरो नामक प्रेमगीतांची थोर गायिका. क्रांतीनंतर तिनें देश सोडला, परदेशांत ती गाजली आणि सन २०१० मध्यें फ्लोरिडांत वारली. आपल्याकडे मोगूबाई कुर्डीकरांचें उदाहरण घ्यावें. सन १९०४ मध्यें गोव्यांतील कुर्डी गांवीं त्या जन्मल्या. लहानपणीं नाटकमंडळी, मग सांगली, मग मुंबई. गोवा पोर्तुगीज अमलाखालीं असल्यानें हा प्रवास एका अर्थीं परदेशचाच होता. पुढें साळावली धरणाच्या पाण्यानें कुर्डी गांवच गिळलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे देवळाचे व घरांचे अवशेष उघडे पडतात आणि जुने रहिवासी तेथें जमतात. एकीस गांव होतें पण वाट बंद झाली. दुसरीस वाट मोकळी होती पण गांव उरलें नाहीं.

कोणी म्हणेल, विद्या हेंच कलावंताचें घर. यांत तथ्य आहे. अल्लादियाखांसाहेब स्वतः राजस्थानांतून कोल्हापुरास आले; त्यांचें जयपूर-अत्रौली घराणें महाराष्ट्रांत वाढलें, आणि कुर्डीच्या या मुलीनें तें आपल्या कन्येच्या, किशोरीताईंच्या, हातीं दिलें. परंतु हें समाधान आम्हांस फार स्वस्त वाटतें. ज्या समाजानें कलावंतिणींचें गाणें आवडीनें ऐकिलें, त्यानेंच त्यांस प्रतिष्ठा नाकारली. कीर्ति झाल्यावर मात्र तो त्यांस 'आमच्या' म्हणूं लागला. तेव्हां ऋणाचा हिशेब दोन्हीं बाजूंनीं मांडला पाहिजे. जाणाऱ्याचें कर्तव्य परत येणें हें नव्हे. बरोबर नेलेलें धन निर्मळ राखून पुढच्या हातीं देणें, हें होय. मागें राहणाऱ्यांचें कर्तव्य त्याहून कठीण आहे: कोण गेलें व कां गेलें, हें त्यांनीं विसरूं नये.

आमच्या नळास येणारें पाणी पवना धरणाचें आहे, आणि त्या धरणाखालींही मावळांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. "मूळचे कुठले?" असें यापुढें कोणास विचारतांना आम्ही एवढें तरी ध्यानांत ठेवूं.