तक्रार ऐकून घेणारा देव

संकटात देवाकडून मिळणारा दिलासा महाराष्ट्रात दोन तऱ्हांनी समजला जातो. पहिल्या समजुतीत देव संकट टाळतो. दुसऱ्या समजुतीत संकट टळो वा न टळो, दुःखी माणसाचे रडणे, रुसणे, भांडणे सरेपर्यंत देव त्याच्यापाशी थांबतो. कल्याण–कसारा मार्गावरच्या खडवलीच्या परिसरात या दोन्ही समजुती शेजारी शेजारी नांदतात. कल्याणच्या बाजूला पुढचेच स्टेशन टिटवाळा. तिथल्या महागणपतीपुढे अंगारकीला रांगा लागतात आणि त्या रांगांत नवस बोलणारे असतात तसे फेडणारेही असतात. भातसा नदीच्या खोऱ्यातल्या आणि आसपासच्या आगरी-कुणबी गावांत वारकरी परंपराही तितकीच मुरलेली आहे. तिथे अखंड हरिनाम सप्ताह आणि हरिपाठ वर्षाच्या रहाटीतच बसलेले आहेत.

नवसाला कमी लेखण्याचे कारण नाही. तापाने फणफणलेल्या लेकरासाठी आई देवाकडे मागणारच. पण गेलेले माणूस नवसाने परत येत नाही, आणि तिथून पुढे दुसऱ्या समजुतीचाच आधार उरतो.

या दुसऱ्या समजुतीचे मूळ पंढरपूरच्या विठ्ठलाच्या कथेत आहे. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत असताना देव दारी आला. हातातले काम टाकून उठण्याऐवजी पुंडलिकाने वीट पुढे सारली आणि देव तिच्यावर उभा राहिला. भक्ताला वेळ मिळेपर्यंत ताटकळणे हे या दैवताच्या मूर्तीतच उतरले आहे. भक्ताने धीर धरावा असे बहुतेक धर्म सांगतात. इथे आधी देवाने धीर धरला आहे.

त्या धीराचा अर्थ तुकारामांच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. ही हकीकत त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवली आहे आणि तिच्यातला क्रम मोलाचा आहे. या आघातांनंतर त्यांना लगेच साक्षात्कार झाला नाही. आधी लाज वाटली, जगण्याचा वीट आला. मग मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले. पुढे एकादशीला कीर्तन सुरू झाले, पण सुरुवातीला मन त्यात रमत नव्हते. म्हणून आधीच्या संतांची वचने पाठ केली, गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरले. स्वतःचे शब्द त्यानंतर आले. आधी हाताला काम, मग उसने शब्द, मग स्वतःचे: दिलासा असा टप्प्याटप्प्याने आला, आणि कोणत्याही टप्प्यावर देवाने घाई केल्याची खूण त्या कथनात नाही.

शब्द आले तेव्हा त्यांत तक्रारही होती. तुकाराम विठ्ठलाला निष्ठुर म्हणतात, त्याच्या असण्याबद्दलच शंका घेतात. चोखामेळ्याचा मुलगा कर्ममेळा तर देवाला सरळ जाब विचारतो: हीन म्हणून जन्माला घातलेस, वर जवळही येऊ देत नाहीस. वारकऱ्यांनी हे अभंग जपले, आणि ज्याला दूषणे दिली त्याच्याच पुढे ते गाता येतात. देवावरचा राग हाही भक्तीतच धरला गेला, ही या परंपरेची फार मोठी देणगी आहे. मात्र चोखोबांच्या वारसांना, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना, पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडायला 1947 साल उजाडले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. देव थांबतो म्हणून अन्याय सोसणाऱ्यांनीही थांबावे, हा अर्थ त्यातून काढणे हा त्या देवाचाच अपमान आहे.

ठाणे जिल्ह्याच्या खेड्यांत हा धीर पोहोचवण्याचे काम माणसेच करतात. घरात मृत्यू झाला की बऱ्याच गावांत संध्याकाळी भजनी मंडळ त्या घरी येते. ओसरीवर सतरंजी पसरली जाते, टाळ वाटले जातात, पखवाजावर हलकी थाप पडते आणि हरिपाठ सुरू होतो. घरच्यांनी गायलेच पाहिजे असे नसते. कुणी भिंतीला टेकून नुसते बसते, कुणी मध्येच हुंदका देऊन आत जाते. कोणी हटकत नाही, अभंग चालू राहतो. दुसऱ्या दिवशी मंडळी पुन्हा येतात. दहाव्याला नदीकाठी पिंडदान होते आणि अनेक ठिकाणी त्याच वेळी प्रवचनही असते. तुकारामांना उसन्या शब्दांनी जे दिले तेच इथे घडते. ज्याला बोलवत नाही त्याच्या वतीने दुसरे गातात.

या रिवाजाची कसोटी प्रवचनात लागते. प्रारब्ध होते, देवाला आवडला म्हणून नेला, आता रडू नका, असे सांगणारा वक्ता देवाहून उतावळा असतो. तरुण मुलगा गमावलेल्या बापाला दहाव्या दिवशी कारण नको असते. त्या मृत्यूला अर्थ आहे असे ठासून सांगणे हा त्याच्यावर दुसरा घाव ठरतो. जाणते प्रवचनकार गेलेल्याच्या आठवणी सांगतात, तुकारामांचा दुष्काळ सांगतात आणि घरच्यांना रडू देतात.

भजनाला जे झेपत नाही तेही मान्य करावे लागते. झोप उडून आठवडे लोटले, खाणे तुटले, जीव द्यावासा वाटू लागला, तर डॉक्टर हवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे. औषध घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही. त्या क्रमांकावर ऐकून घेणारा माणूसही, ओसरीवर बसलेल्या टाळकऱ्याप्रमाणे, दुःखी माणसाला वेळच देत असतो.

दुःख किती दिवसांत ओसरावे याचा हिशेब वारकरी परंपरा मागत नाही. दहावे, तेरावे, वर्षश्राद्ध हे विधी ठरलेल्या तिथीला होतात, मनाला मात्र तिथी लावून दिलेली नाही. पुढच्या सप्ताहात एखाद्या दिवसाची पंगत गेलेल्याच्या नावाने घातली जाते आणि घरचे लोक वाढायला उभे राहतात. ज्यांना त्या वर्षी ते जमत नाही, त्यांच्यासाठी त्यानंतरचा सप्ताह असतोच.