इंद्रियांचे प्रयोजन

इंद्रिये ही मनुष्याची शत्रू की मित्र, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनात फार जुना आहे. कठोपनिषदाने त्यांना देहरूपी रथाचे घोडे म्हटले. गीतेने त्यांच्या संयमाचा उपदेश केला. तथापि संयम म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्या मनात पुष्कळदा गोंधळ असतो. इंद्रिये मारून टाकणे म्हणजेच संयम, असे कित्येकांस वाटते. एका सामान्य जलचराच्या जीवनक्रमाने या प्रश्नावर थोडा प्रकाश पडतो.

युरोपातील नद्यांतून व तळ्यांतून सर्पाकृती वाम मासा राहतो. त्याच्या आयुष्याची बरीच वर्षे तेथे भक्ष्य शोधण्यातच जातात. या काळात त्याचे डोळे बारीक असतात आणि रात्रीच्या अंधारात तो नाकाच्या आधारे वावरतो. गुलाबाच्या सुगंधातील एक द्रव्य पाण्यात कल्पनातीत विरळ केले, तरी ते त्याला ओळखता येते, असे हाराल्ड टायशमान या जर्मन संशोधकाने १९५९ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले.

पुढे एके वर्षी त्याला समुद्राची ओढ लागते. पिवळसर अंग रुपेरी होते. तो खाणे सोडतो, त्याची पचनेंद्रिये आक्रसतात आणि अंगी साठविलेल्या चरबीच्या बळावर तो अटलांटिक महासागरातील सारगॅसो समुद्राकडे निघतो. हा प्रवास पाच हजार किलोमीटरांहून अधिक आहे. अझोर्स बेटांजवळून सोडलेले, अंगावर संदेशयंत्रे बांधलेले काही मासे तेथवर पोहोचल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले.

विशेष हे की, ज्या वेळी पोट मिटू लागते, त्याच वेळी डोळे मोठे होऊ लागतात. नेत्रपटलातही पालट होतो, आणि नदीच्या हिरवट उजेडाला सरावलेली दृष्टी खोल सागरातील निळ्या प्रकाशाला अनुरूप बनते. हा पालट तो नदीत असतानाच सुरू होतो. जो सागर अजून लांब आहे, त्याच्यासाठी डोळे आधी सिद्ध होतात.

यात माशाचे पुण्य काही नाही. निसर्ग त्याच्याकडून हे करवून घेतो. मनुष्याला मात्र ते स्वतः करावे लागते, आणि येथेच आपली कसोटी आहे. एकादशीला आपण अन्न सोडतो, पण चित्त फराळाच्या पदार्थांतच घोटाळत राहते. याहून मोठा दोष असा की, व्रत कडकडीत पाळणाऱ्यासही कधी कधी घरातील सुनेचा थकवा दिसत नाही, दाराशी आलेल्याची भूक कळत नाही. तेथे पोट मिटले, पण डोळेही मिटले. असा त्याग कोरडा होय.

म्हणून संयमाची परीक्षा काय सोडले यावरून न करता, सोडल्यानंतर काय दिसू लागले यावरून करावी. उतारवयात भोगाची शक्ती आपोआप ओसरते. त्यात आपले कर्तृत्व नाही. मोकळे झालेले लक्ष जुने मानापमान उगाळण्यात घालवावे, की शेजाऱ्याचे दुःख जाणण्यात व ईश्वरचिंतनात लावावे, एवढेच आपल्या हाती आहे. चर्मचक्षू अधू झालेल्या वृद्धासही ही दृष्टी दुर्लभ नाही.

पुढील प्रवास सर्वांनाच करावयाचा आहे. त्यासाठी लागणारे डोळे येथेच, या तीरावर असतानाच उघडावेत, ही प्रभुचरणी प्रार्थना.