लेकरांची जलक्रीडा आणि आपला धर्म

सज्जनहो, शंका लहान दिसते म्हणून ती सोडून देऊ नये. आमच्या दोंडाईच्याच्या भजनी मंडळात एका माळकरी गृहस्थांनी परवा विचारलेली शंका अशीच आहे. ते म्हणाले, "बुवा, नातवंडे हट्ट धरून बसली आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत वॉटर पार्कला न्या म्हणतात. तिथे रात्री तंबूत राहायचे, दिवसभर पाण्यात डुंबायचे, घसरगुंड्यांवरून घसरायचे. नेले तर पाणी उधळल्याचे पाप, न नेले तर लेकरांचा विरस. वारकऱ्याने काय करावे?"

शंका ऐकताच बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, हा सारा इंद्रियांचा चोचला. पैसे मोजून सुख विकत घ्यायचे, यालाच भोग म्हणतात. दुसरा म्हणे, अहो, पोरं घटकाभर पाण्यात खेळली तर कोणाचे काय बिघडले? त्यात पापपुण्य कसले आणता! दोघांनीही प्रश्न फार लवकर मिटवला असे मला वाटते.

पहिल्या पक्षाचे आधी पाहू. खेळ म्हणजे भोग, हे म्हणणे आपल्या संप्रदायात तरी टिकत नाही. जो संप्रदाय चंद्रभागेच्या वाळवंटात नाचतो, रिंगणात घोड्यामागे धावतो, पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यांना फुगडी घालायला लावतो, त्याने लेकरांच्या खेळाला नाक मुरडावे हे शोभत नाही. ज्या देवाच्या नावाने आपण काला करतो तो तर यमुनेच्या पाण्यात गोपाळांबरोबर धुडगूस घालणारा. मग भोग आणि खेळ यांत फरक कोठे? भोगणारा माणूस मनात वही ठेवतो: किती मिळाले, किती राहिले, शेजाऱ्याला आपल्यापेक्षा किती जास्त मिळाले. लेकराजवळ ही वही नसते. चार वर्षांचे पोर ओंजळीत पाणी घेते आणि उडवून टाकते. ते त्याला साठवायचे नसते, मिरवायचे नसते. मिरवण्याची हौस असते ती त्याला घेऊन गेलेल्या आपल्याला.

हे मी ऐकीव सांगत नाही. त्याच मे महिन्यात एका कुटुंबाबरोबर मीही अशा जागी जाऊन आलो. दोंडाईच्याहून पहाटे निघालो. पारा दुपारी ४४ अंशांच्या घरात जाण्याचे दिवस होते. जागेचे नाव सांगण्याचे कारण नाही, अशा जागा आता चहूकडे झाल्या आहेत. दारात मुलांना पट्टीला लावून उंचीवर तिकीट ठरवतात, मनगटाला कागदी पट्टा बांधतात, नायलॉनचे कपडे भाड्याने देतात आणि घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. (दशम्या आणि ठेचा गाडीतच राहिला, हे आजीला फार लागले.) आत निळे हौद. उंचावर एक भलीमोठी बादली भरत राहते, भरली की उलटते, आणि खालची शंभर पोरं एकदम ओरडतात. भोंगा वाजला की यंत्राने लाटा उठतात. आजी काठावर उभी राहून कितीतरी वेळ नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "माय वं, इतलं पानी!" त्या शब्दांत कौतुक किती आणि धसका किती, हे तिलाही सांगता आले नसते. तीन वर्षांची नात प्रथम तिच्या पायाला मिठी मारून बसली होती. मग कोणा अनोळखी मुलीने तिच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवले, हिने परत उडवले, आणि पुढे तीन तास ती घरच्या कोणाला ओळखेना. त्या हसण्याला भोग म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पण तिथेच रबरी ट्यूबा वाटणारी एक बाई होती. जवळच्याच पाड्यावरची. "घरी पाणी कुठलं?" असे विचारले तर म्हणाली, "विहिरीवरनं, डोक्यावर. इथं दिवसभर पाय पाण्यात, घरी गेल्यावर हंडा." सुर तक्रारीचा नव्हता, रोजची गोष्ट सांगावी तसे तिने सांगितले. "कोणाचे काय बिघडले" म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षाला मी या बाईपुढे नेऊन उभे करीन.

तरी रागाच्या भरात खोटा हिशेबही मांडू नये. हौदातले पाणी रोज फेकून देत नाहीत. पंपाने ओढून, वाळूच्या गाळणीतून काढून, क्लोरीन घालून तेच पुन्हा फिरवतात. जाते ते वाफ होऊन, सांडून आणि गाळणी धुताना. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या पाण्याचा आठ-दहा मिलिमीटरांचा थर दिवसाला सहज उडतो. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हजार चौरस मीटरांचा हौद धरला, तर रोजचे आठ ते दहा हजार लिटर नुसते आकाशात गेले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे रोज ५५ लिटरांचे माप धरले आहे. त्या मापाने हे दीडशे ते एकशे ऐंशी माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. आकडा ऐकून कोणी तोंडात बोट घालील. पण एक किलो साखरेमागे उसाला हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. लेकरांना बोल लावता लावता आपण जो गोडमिट्ट चहा घोटतो, तोही याच वहीत लिहावा लागेल. पोरांचा खेळ डोळ्यांना दिसतो, कपातले पाणी दिसत नाही, एवढाच काय तो भेद!

आता खरा पेच. कोणी म्हणेल, मी नातवंडांना नेले नाही, तर ते पाणी काय त्या बाईच्या हंड्यात जाऊन पडणार आहे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानावर शिंपडायचे पाणी वाचवून लातूरची घागर भरते काय, असा सवाल तेव्हाही करता येत होता, आणि हिशेबापुरता तो चुकीचा नव्हता.

याचे उत्तर मला दोन प्रकारे द्यावेसे वाटते. पहिले व्यवहाराचे. आपली भूमी काळ्या पाषाणाची. पाणी खडकाच्या भेगांतून चालते, आणि भेगांना सातबारा ठाऊक नसतो. एकाने खोल बोअर मारला की शेजाऱ्याची विहीर बसते, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. वॉटर पार्कचा पंप जमिनीतले पाणी ओढत असेल, तर तो पाड्यावरच्या विहिरीतलेही ओढत असण्याचा संभव आहे. आणि आपण दारात मोजलेल्या पैशावर तो पंप चालतो. तेव्हा "माझ्या न जाण्याने काही होत नाही" हे पूर्ण खरे नाही.

दुसरे उत्तर आचाराचे. एकादशीला आपण जेवत नाही, म्हणून कोणा उपाशाच्या ताटात भाकरी पडते काय? पडत नाही. तरी आपण उपवास करतो. शेजारी सुतक असताना आपण आपल्या घरचे वाजंत्री थांबवतो. त्याने गेलेला माणूस परत येत नाही. काही गोष्टी फळ मोजून केल्या जात नाहीत. दुसऱ्याच्या दुःखाशेजारी आपण कसे बसतो, हे त्यांतून ठरते. ज्या वर्षी शेजारच्या गावात टँकरमागे बायका धावत असतात, त्या वर्षी तिथूनच गाडी काढून लाटांच्या हौदाकडे जाणे हे मला सुतकातल्या वाजंत्रीसारखे वाटते. आपला शिंदखेडा तालुका कमी पावसाचा. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्या ओट्यावर बसलेली आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत शिंदखेडाही होता. अशा वर्षी लेकरांना नाही म्हणावे, आणि का म्हणतो ते सांगावे. पाच वर्षांच्या मुलाला ते कळते. आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कळते.

येथे कोणी भाविक म्हणेल, एवढी खटपट कशाला? आपली तापीमाय आहे की. प्रकाशाला गोमाईचा संगम आहे, मुडावदला पांझरेचा आहे. तीर्थस्नानही होईल आणि खेळही. या सूचनेला मात्र मी हात जोडतो. तापीवर प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे येथे बॅरेज झाल्यापासून पात्रात खोल पाणी उभे असते. वरून शांत दिसते, पण एका पावलावर गुडघाभर आणि दुसऱ्या पावलावर पुरुषभर. लहान लेकराला तेथे मोकळे सोडणे यात पुण्य नाही. त्यापेक्षा कमरेएवढ्या पाण्याचा, शिटी वाजवणारा राखणदार असलेला निळा हौद बरा, मग तो कितीही नकली असो. आणि तेथेही निर्धास्त राहू नये. बुडणारे लहान मूल ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. ते मुकाट्याने पाण्याखाली जाते, आणि दोन-चार मिनिटांत सारे संपते. म्हणून मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर असावे. मी पाहिले ते निराळेच. पोर पाण्यात आणि बाप काठावर मोबाईलमध्ये पोराचे चित्र घेतोय. चित्रात पोर नीट यावे म्हणून मागे मागे सरकतोय! कासवी पिलांना नुसत्या नजरेने पोसते, असे आपण कीर्तनांत ऐकतो. लेकराला आपली नजर पुरते. आपणच ती यंत्राच्या डोळ्याला भाड्याने देऊन बसलो आहोत.

एक गोष्ट मात्र मला त्या हौदात फार आवडली. एकाच रंगाच्या भाड्याच्या कपड्यांत कोण कोणाचे पोर, काही कळत नव्हते. पाण्याला शिवू न देणाऱ्यांचाच हा देश. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आपल्या अंमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींना पंढरीच्या मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आणि आज ही पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती, जात न विचारता. दारात विचारले जाते ते फक्त पैशाचे. पण ते विचारले जातेच.

नाथांची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. रामेश्वराला न्यायची काशीची कावड त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. ही गोष्ट सांगून कोणी म्हणेल, पाहा, पाणी जीवाच्या सुखासाठीच आहे, तेव्हा लेकरांना खुशाल खेळू द्या. पण गोष्टीतले गाढव तहानेले होते. आमच्या नाती-नातवांच्या हातात बाटलीबंद पाणी होते.

तेव्हा माझे मत असे. दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी जाऊ नये. एरवी जावे, पण मे महिना टाळून, पाऊस होऊन विहिरी भरल्यावर जावे. दारात तिकिटाच्या दराबरोबर पाणी कोठून येते हेही विचारावे. दहा जणांनी विचारले तर अकराव्याला उत्तर तयार मिळेल. तंबूचीच हौस असेल, तर शहाद्याच्या वाटेवर तापी ओलांडताच सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो, अलीकडे तंबूंचे गावही उभे राहिले, आणि घोड्याला पाहून हरखणाऱ्या मुलाला हौदाची आठवण होत नाही. शिवाय लेकरांच्या हाती एखादे दिवस फावडेही द्यावे. पलीकडच्या शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल करून, बंधारे घालून, विहिरींत पाणी मुरवून जे काम झाले, ते आपल्याला डोळ्यांनी बघता येते. २०१६ ते २०१९ या उन्हाळ्यांत वॉटर कपच्या निमित्ताने महाराष्ट्रभर गावेच्या गावे माती खणत होती, त्यांत चिमुकली पोरंही घमेली घेऊन धावत होती. तोही त्यांना खेळच वाटला.

निघताना मी त्या ट्यूबवाल्या बाईला विचारले, "तुझी पोरं येतात का गं इथं खेळायला?" ती हसली. म्हणाली, "येतात की. हौद रिकामा करून घासायचा असतो, तवा येतात माझ्यासंगं." आजी आणि मी तसेच तेथल्या व्यवस्थापकाकडे गेलो. म्हटले, सोमवारी गर्दी नसते, एक दिवस कामावरच्या बायकांची लेकरे पाण्यात उतरू द्या, तिकिटाचे आमचे मंडळ पाहील. मालकांना विचारतो म्हणाले. मंडळाने त्यानंतर दोन पत्रे धाडली आहेत. तिसरे या एकादशीला जाईल.