भट्टीवरचं बाळ कुणाच्या नोंदीत?

रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा तालुक्यांत जुलाब म्हटले की आरोग्य खात्याला पावसाळा आठवतो. जून उजाडायच्या आत टीसीएल पावडर ग्रामपंचायतीत पोचते, विहिरींत टाकली जाते, पाण्याचे नमुने तपासणीला जातात. हे सगळं हवंच. पण तान्ह्या मुलांना सर्वांत जास्त बेजार करणारा रोटाव्हायरस पावसावर अवलंबून नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००५ पासून देशभरच्या निवडक रुग्णालयांत केलेल्या सर्वेक्षणात, जुलाबामुळे दाखल झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांत हा विषाणू सापडला. त्याचा जोर दिसला डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत.

नेमक्या याच महिन्यांत या दोन तालुक्यांतल्या कातकरी वाड्या ओस असतात. दिवाळी झाली की भट्टीवाल्या शेठकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी जोडपी वीटभट्टीवर जातात. काही जवळपासच्या तालुक्यांत राहतात, काही कल्याण-भिवंडीकडे, तर काही कोळसा पाडायला थेट घाटावर आणि कर्नाटकापर्यंत. लेकरं अर्थातच सोबत. वाडीत मागे उरतात म्हातारी माणसं, आणि आशाताईंच्या रजिस्टरात ‘स्थलांतरित’ असा शेरा. ज्या ऋतूत विषाणू भरात असतो, त्या ऋतूत सगळ्यांत अशक्त मुलं कुणाच्याच हद्दीत नसतात. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की इथल्या बालकांमधल्या विषाणूजन्य जुलाबांचा अभ्यास करायचा तर तो भट्टीपर्यंत गेला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी खाटेशेजारी बसून केलेला अभ्यास खोटा नसतो, पण खाटेपर्यंत पोचू न शकलेल्या मुलाबद्दल त्याला काही सांगता येत नाही.

नुसतं पाणी शुद्ध केलं की हा आजार थांबेल, असंही नाही. रोटाव्हायरसचे अगदी थोडे कण, शंभराच्या आतले, पोटात गेले तरी लागण होते, आणि आजारी बाळाच्या एकेक ग्रॅम शौचात ते अब्जावधींनी असतात. हातावर, खेळण्यावर, दुपट्यावर ते टिकून राहतात. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा विषाणू सापडला, तो नळाला स्वच्छ पाणी येणाऱ्या शहरातल्या मुलांच्या आतड्यांत. याचा अर्थ पाण्याचा प्रश्न गौण आहे असा कुणी काढू नये. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि खारेपाटातल्या वाशी-शिर्कीच्या बायका वर्षानुवर्षं पाण्यासाठी झगडत आल्या आहेत. हा अन्याय आहेच, आणि पाण्यातून पसरणारे इतर आजार त्याच्याच वाटेने येतात. पण रोटाव्हायरस बंगल्यातल्या बाळालाही होतो आणि झोपडीतल्याही. फरक पडतो तो पुढच्या दोन दिवसांत: जलसंजीवनी किती लवकर मिळाली, दवाखाना किती लांब होता, आणि मूल आधीच किती खंगलेलं होतं.

आजाराची तीव्रता मोजायला जगभर जी वेसिकारी गुणपद्धती वापरतात, ती या दृष्टीने नीट पाहण्यासारखी आहे. एकूण गुण २०. अकरा किंवा त्याहून जास्त झाले की आजार तीव्र. जुलाब किती वेळा, किती दिवस, उलट्या किती, ताप किती, शरीरातलं पाणी किती घटलं, याला गुण मिळतात. शेवटचा रकाना उपचारांचा. मूल दवाखान्यात दाखल झालं तर दोन गुण, काहीच उपचार झाले नाहीत तर शून्य. ही पद्धत फिनलंडमधली, जिथे आजारी मूल दवाखान्यात पोचतं हे गृहीतच धरलेलं. आता रोह्याच्या डोंगराकडच्या एखाद्या वाडीतलं मूल घ्या. रात्रभर जुलाब-वांत्या, टाळू आत गेलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही. पण गाडी मिळाली नाही, म्हणून ते घरीच राहिलं. दोन गुण त्याला कमी पडणार. आई-बापाची गैरसोय कागदावर आजाराचा सौम्यपणा होऊन बसते. आकडे गोळा करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं नाही, तर सर्वांत दूरची वाडी सर्वांत निरोगी दिसू शकते.

घरापर्यंत जाणारे अभ्यास काय शिकवतात, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. वेल्लोरच्या वस्त्यांमध्ये ३७३ बाळांचा जन्मापासून तीन वर्षं घरोघर पाठपुरावा झाला. निम्म्याहून अधिक बाळांना सहा महिन्यांच्या आतच रोटाव्हायरसची लागण होऊन गेल्याचं त्यातून कळलं. कोलकात्यासह सात देशांतल्या केंद्रांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जुलाबाच्या रुग्ण मुलांना साठ दिवसांनी पुन्हा घरी जाऊन पाहिलं. मधल्या काळात दगावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचा मृत्यू घरीच झाला होता, आणि बहुतेकांचा आजार नोंदवल्यानंतर आठवडा उलटल्यावर. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर ती ‘बरी’ झालेली असणार.

लस आली, आता अभ्यास कशाला, असंही विचारलं जातं. दिल्लीच्या एम्समध्ये महाराज किशन भान यांच्या चमूला नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून रोटाव्हॅक ही लस तयार झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू इथल्या ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळालं. युरोप-अमेरिकेत अशा लसींचं संरक्षण ८५ टक्क्यांच्या वर जातं. कुपोषण, आतड्यातले इतर जंतुसंसर्ग, आईकडून आलेली प्रतिद्रव्यं अशी कारणं या फरकामागे मांडली जातात. तरीही ५६ टक्के ही फार मोठी गोष्ट आहे, आणि २०१९ पासून महाराष्ट्रातल्या बाळांना सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस फुकट मिळते: सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या कातकरी बाळाचे हे तिन्ही आठवडे भट्टीवर जातात. पहिला डोस वर्षाच्या आत कधीही देता येतो, म्हणजे मे महिन्यात घरी परतल्यावर सुरुवात करता येते. पण तोवर थंडी सरलेली असते.

अभ्यासाचा फॉर्म म्हणूनच बदलायला हवा. डबीत शौचाचा नमुना घेणं, बर्फाच्या पेटीतून तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळेत पाठवणं, विषाणूचा प्रकार ठरवणं, हे काम आपल्याकडे उत्तम होतं. त्याच्या जोडीला आईला विचारायचे प्रश्न साधे आहेत. दिवाळीनंतर कुठे होता? भट्टी कुठल्या तालुक्यात? लसीचं कार्ड सोबत नेलं होतं का? तिथे कुणी नर्सबाई आली होती का? जुलाब लागले तेव्हा पेज, साखरमिठाचं पाणी, पुडी, झिंकच्या गोळ्या, यांतलं काय मिळालं, आणि काय बंद केलं? दात येताना जुलाब व्हायचेच, असं समजून किती दिवस थांबलात? नमुना घेणाऱ्याच्या पिशवीत जलसंजीवनीच्या पुड्या आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या असल्याच पाहिजेत; आजारी मुलाच्या घरून नुसती डबी भरून निघून येणं मला मान्य होणार नाही. आणि वाडी सोडणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीतच त्या त्या भट्टीच्या तालुक्याला कळली, तर तिथलं लसीकरण सत्र जानेवारीत विटांच्या थप्प्यांपाशी भरवता येईल.