जुळलेले स्वर

कांहीं ध्वनिमुद्रिका आपण एकदां ऐकून ठेवून देतों. एखादीकडे मात्र वर्षानुवर्षें परत परत जातों. माझ्यापुरती अशी मुद्रिका म्हणजे गुस्टाव माहलरची नववी सिंफनी. १६ जानेवारी १९३८ रोजीं व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदानें ब्रूनो वॉल्टरच्या नेतृत्वाखालीं ती श्रोत्यांसमक्ष वाजविली, व तेथेंच तिचें मुद्रण झालें. तें घडवून आणणाऱ्या फ्रेड गाइसबर्गचें नांव आपल्याकडील जुन्या रसिकांस परकें नाहीं; १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरविला तो त्यानेंच. सुमारें सत्तर मिनिटांचें हें संगीत पूर्वी दहा तबकड्यांच्या वीस बाजूंवर विभागलेलें असे. आतां तें अखंड ऐकतां येतें.

माहलर १९११ मध्यें वारला. ही कृति त्याला स्वतःला कधीं ऐकावयास मिळाली नाहीं. १९१२ मध्यें ती प्रथम लोकांपुढें आणली ती वॉल्टरनेंच. तिच्या अखेरच्या पानावर केवळ तंतुवाद्यें उरतात, आणि तींही मंद होत होत शांततेंत विरून जातात. या मुद्रणानंतर दोनच महिन्यांनीं, १२ मार्च १९३८ रोजीं, जर्मन सैन्य ऑस्ट्रियांत शिरलें. वॉल्टर जन्मानें यहुदी. व्हिएन्ना त्याला अंतरलें. त्यामुळें त्या शेवटच्या स्वरांत एका संस्कृतीनें घेतलेला निरोपच मला पुष्कळ वर्षें ऐकूं येई.

परवां ती मुद्रिका पुन्हां लावली, आणि सभागृहांतील कोणाचें तरी खोकणें कानीं आलें. त्या खोकणाऱ्याला मार्च महिना ठाऊक नव्हता. मग तो निरोप त्यांचा कीं माझा? आणि तो त्यांच्या पदरीं घालण्याचा मला अधिकार काय? त्या कल्पनेनें मी सर्व वादकांना एकाच शोकाचे भागीदार करून टाकलें होतें. इतिहास तसें म्हणत नाहीं.

१८८१ पासून त्या वाद्यवृंदाचा अग्रणी असलेला आर्नोल्ड रोझे हा माहलरच्या बहिणीचा पति. त्याला आयुष्याच्या संध्याकाळीं लंडनचा आश्रय घ्यावा लागला. त्याची व्हायोलिनवादक कन्या आल्मा १९४४ मध्यें ऑश्विट्झच्या छळछावणींत मरण पावली. त्या वाद्यवृंदांतील सात जणांचे प्राण या छळापायीं गेले. आणि त्याच वाद्यवृंदाच्या १२३ सभासदांपैकीं ६० जण १९४२ मध्यें नाझी पक्षाचे सभासद होते. कांहीं तर त्या पक्षावर ऑस्ट्रियांत बंदी असतांनाच त्यांत शिरले होते. म्हणजे त्या दिवशीं एकाच व्यासपीठावर, कदाचित् एकाच स्वरलिपीच्या पानाकडे पाहत, पुढें घालविले जाणारे व घालविणाऱ्यांच्या पक्षाचे असे दोघेही बसले होते.

मग तो सुसंवाद खोटा म्हणावा काय? माझा कान तसें म्हणूं देत नाहीं. तें शेवटचें पान वाजवावयाचें तर शेजाऱ्याचा गज कोठें थांबतो, तो किती हलका पडतो, हें प्रत्येकानें जिवाचा कान करून ऐकावेंच लागतें. तें त्यांनीं ऐकलें. संगीतानें चित्त शुद्ध होतें, ही आपली लाडकी श्रद्धा मात्र येथें टिकत नाहीं. कला माणसाला सज्जन करीत नाहीं; सज्जनपणास लागणारें अवधान त्याच्या ठायीं आहे, एवढेंच ती सिद्ध करते. आणि म्हणूनच ती त्याची एक सबबही काढून घेते. ज्यानें सत्तर मिनिटें दुसऱ्याचें इतकें नेमकें ऐकलें, त्याला पुढें ‘मला ऐकूं आलें नाहीं’ असें म्हणतां येणार नाहीं.

हा निवाडा दुसऱ्यांवर करून मी मोकळा झालों असतों. पण त्याच रात्रीं, तें शेवटचें पान चालू असतां, आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाई दारांत येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कांहीं सांगावयाचें होतें. माझे डोळे पाणावलेले होते. मीं हातानेंच त्यांना ‘थांबा’ म्हणून खुणावलें. संगीत संपलें तेव्हां त्या निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं विचारलें, तर “कांहीं नाहीं,” म्हणाल्या.

ती मुद्रिका मी अजूनही लावतों; पण आतां दाराकडे पाठ करून बसत नाहीं.